आठवड्याला दोन तास आणि हातात फोन: व्यवसाय सांभाळून ऑनलाइन माहिती कशी द्यावी?

ठिबकवाला
मंडळी, राम राम. चोपडा-यावल पट्ट्यात ठिबकची जोडणी, देखभाल आणि पाणी-माती अहवालावरून खताचा सल्ला, हे काम. शेतकरी फोनवर जे विचारतात त्याची उत्तरं ऑनलाइन टाकून ठेवायची आहेत. म्हणजे तेच ते पुन्हा सांगण्याऐवजी लिंक पाठवता येईल आणि नव्या माणसालाही शोधल्यावर सापडेल.
वेळ आठवड्याला दोन तास, त्याहून जास्त निघत नाही. साधा अँड्रॉइड फोन आणि एक लॅपटॉप आहे. मदतनीस ठेवायचा नाही. व्हिडिओ करावेत की लेख? रोज थोडं की महिन्याला एकदाच बसून? आवाज आणि उजेडासाठी कमीत कमी काय घ्यावं लागेल? आणि एआयवर किती विसंबायचं? डॉक्टर, वकील, सीए अशा सगळ्यांनाच हा प्रश्न पडत असणार, म्हणून धागा मोकळा ठेवतो.

शेवभाजी
रोज एक टाकावं. रोज नाही टाकलं तर लोकांसमोर नाव येत नाही.

कांदेबाग
ठिबकवाला भाऊ, आधी विषयांची वही करा. विषय डोक्यातून काढायला बसलं की अर्धा तास तिथंच जातो. फोन आला की प्रश्न जसाच्या तसा, विचारणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवायचा. "शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही" असं लिहा, "लॅटरलमधील दाब व्यवस्थापन" असं नको. लोक शोधतात ते पहिलं वाक्य. एका प्रश्नाला एकच व्हिडिओ किंवा एकच लेख.

दुसरं, पीक पुढे असतं आणि आपण मागे. आपल्याकडच्या केळीचंच घ्या: कांदेबागेची लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मृगबाग जून-जुलैत. डिसेंबर-जानेवारीत थंडीचा चरका बसतो, एप्रिल-मे मध्ये उन्हाळी वारा पानं फाडतो. चरका पडल्यावर टाकलेला चरक्याचा व्हिडिओ वाया. घडाला स्कर्टिंग बॅग (झाकायची पिशवी) कधी घालायची हे नोव्हेंबरच्या मध्यात लोकांपुढे असायला हवं. वारा अडवायला कडेनं शेवरी किंवा गजराज लावायचं, तर ते लागवडीच्या वेळीच सांगावं लागतं, मे महिन्यात सांगून उपयोग नाही. सीएमव्ही या विषाणूरोगाचं तसंच. पावसाळ्यात रावेर-यावलला पानं पिवळी दिसायला लागली की सगळे धावतात, पण मावा कसा ओळखायचा आणि बागेत काकडीवर्गीय आंतरपीक का घेऊ नये, हे लागवडीआधी कळलं तर फायदा. म्हणून प्रत्येक प्रश्नापुढे महिना लिहा आणि त्याच्या तीन आठवडे आधीची तारीख टाका. तीच तुमची यादी.

वहीखातं
कांदेबाग यांच्याशी पूर्ण सहमत. आमच्या सीए लोकांचं उलटं आहे: लोकांना माहिती हवी असते नेमकी त्याच दिवसांत जेव्हा आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. जीएसटीची विवरणपत्रं म्हणजे ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, त्यात जुलैअखेर प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि सप्टेंबरात ऑडिट. तेव्हा जुलैचं साहित्य एप्रिल-मे मध्ये तयार करून तारीख लावून ठेवायचं. यूट्यूब आणि फेसबुक दोन्हीकडे पुढच्या तारखेला आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय आहे, वेगळं ॲप लागत नाही.

पण एक सांभाळा. आधी करून ठेवलेलं शिळं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. ठिबकचं साहित्य आणि ट्रॅक्टर १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. त्याआधीचे "ठिबकवर किती कर" सांगणारे व्हिडिओ आजही फिरतात. उपाय सोपा: दर, अनुदान, मुदत अशा बदलणाऱ्या गोष्टी व्हिडिओत तोंडानं बोलायच्याच नाहीत. त्या खालच्या वर्णनात लिहायच्या, कारण वर्णन कधीही बदलता येतं. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही. फार तर मधला तुकडा कापता येतो.

लळींग
आवाज आणि उजेडाबद्दल सविस्तर लिहितो, कारण पैसे आणि वेळ दोन्ही इथंच वाया जातात.

आधी आवाज. चित्र थोडं फिकं असलं तरी लोक बघतात, आवाज घुमला की बंद करतात. कॉलरला लावायचा तारेचा माइक पुरेसा आहे. घेताना पिन बघा: फोनला तीन काळ्या पट्ट्यांची पिन लागते. दोन पट्ट्यांची पिन कॅमेऱ्यासाठी असते. ती फोनला लावली तर बरेच फोन तिला हेडफोन समजतात आणि स्वतःच्याच माइकवर आवाज घेतात. बाहेरून सगळं ठीक दिसतं, ऐकल्यावर कळतं. टाइप-सी माइक असेल तर काही फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी (बाहेरचं साधन जोडायची सोय) चालू करावं लागतं. म्हणून दर वेळी दहा सेकंद घेऊन, माइकवर नखानं हलकं टकटक करून, लगेच ऐकायचं. टकटक मोठी आली म्हणजे आवाज तिथूनच येतोय.
माइक हनुवटीपासून एक वीत खाली, शर्टाच्या मधोमध. उपरणं किंवा ओढणी त्याला घासायला नको. आवाजाची पातळी दाखवणारं ॲप असेल तर सर्वांत मोठा उच्चार -१२ ते -६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकला की तो फाटला, नंतर दुरुस्त होत नाही. शेतात वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी लागते, साधा स्पंज पुरत नाही.

खोलीत कुलर आणि पंखा दोन्ही बंद. कुलरची घरघर एडिटिंगमध्ये काढली तर आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. मग मे महिन्यात काय करायचं, तर सकाळी आठच्या आत उरकायचं. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या आणि कपाटं असलेली खोली बरी.

आता उजेड. खिडकी तोंडासमोर, पाठीमागे नाही. ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात, त्याचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि जमलं तर २५ एफपीएस (सेकंदाला २५ चित्रं). पट्टे जवळजवळ जातात. १०८०पी पुरे. ४के चौपट पिक्सेल घेतं, फोन तापतो, लॅपटॉप अडकतो. १०८०पी ला मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते, तेव्हा बसण्याआधी दहा जीबी मोकळी करा. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं.

शेवभाजी
कुलर बंद करून जळगावला मे महिन्यात बसायचं म्हणजे बोलणाऱ्याचंच भरीत की हो! 😄

लळींग
म्हणून तर सकाळी आठच्या आत. आणि फोनचंही तेच होतं. ४४-४५ अंशांत उन्हात धरला की तापमानाची सूचना येते आणि कॅमेरा बंद पडतो. कव्हर काढा, चार्जिंग लावून चित्रीकरण करू नका, ट्रायपॉडवर फोनला सावली राहील अशी छत्री बांधा. तापला तर सावलीत ठेवून थांबायचं. फ्रिजमध्ये ठेवू नये, आत दव धरतं.

पाटणादेवी
सगळे व्हिडिओ धरूनच चाललेत. लेखाला इतकं कमी लेखू नका. दोन तासांत एक व्हिडिओ पुरा होतो, लेख तीन होतात.

पद्धत अशी. गुगल डॉक्समध्ये क्रोम ब्राउझरवर व्हॉइस टायपिंग आहे, भाषा मराठी निवडायची. फोनवर गुगलचा कीबोर्ड, जीबोर्डही तेच करतो. तीन मिनिटं नीट बोललं की साडेतीनशे शब्द होतात. पूर्णविराम-स्वल्पविराम हातानं टाकावे लागतात, इंग्रजी संज्ञा आणि आकडे तपासावे लागतात. "पीएच साडेसहा" चं काहीही होऊ शकतं. पहिल्या दोन ओळींत उत्तर द्यायचं, कारण नंतर. शीर्षक म्हणजे तो प्रश्नच, जो कांदेबाग यांनी वहीत लिहायला सांगितला.

टायपिंग श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते फोनवर कचरा दिसतं आणि गुगललाही सापडत नाही. युनिकोडमध्येच लिहा. चित्रावर अक्षरं टाकताना मुक्ता किंवा बालू हे मोफत फॉन्ट बरे, लांबून वाचता येतात. ओळींत अंतर जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. काही एडिटिंग ॲप जोडाक्षरं फोडतात: "ठिबक" नीट दिसतं आणि "क्षार", "प्रश्न" तुटतात. ॲप निवडण्याआधी हेच शब्द टाइप करून बघा.

सातपुडा_पायथा
ताई, लेख वाचणारा वर्ग वेगळा आहे. धडगाव-अक्कलकुवा भागात वाचून दाखवणारा मुलगा घरी असेल तरच लेख पोचतो. तिथं आवाज चालतो. दोन मिनिटांची व्हॉइस नोट अर्ध्या एमबीच्या आतच बसते, नेटवर्क एकच काडी दाखवत असलं तरी जाते. व्हिडिओ पाठवायचाच असेल तर ७२०पी, एका मिनिटाच्या आत.

व्हॉट्सॲपचं तंत्रही लक्षात घ्या. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप मिळतो. "पाठवलं पण पोचलं नाही" याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि सुप्रभातच्या फुलांत तुमचं उत्तर हरवतं. भारतात सप्टेंबर २०२३ पासून चॅनल आहे, तिथं नंबर सेव्ह करावा लागत नाही आणि एकमेकांचे नंबरही दिसत नाहीत. पण चॅनल आपणहून उघडून बघावं लागतं. म्हणून दोन्ही ठेवा: तातडीचं ब्रॉडकास्टवर, साठवायचं चॅनलवर.

पाटणादेवी
दादा, मुद्दा मान्य. मग क्रम उलटा करू: आधी आवाज नोंदवा, त्यावरून लेख काढा. बोलणं एकदाच होतं.

कांदेबाग
हाच खरा मार्ग. एकदा नीट बोलायचं आणि त्याचेच तुकडे सगळीकडे. ठिबकवाला भाऊंच्याच कामातला विषय घेऊन दाखवतो: "नळीत क्षार साचले, ड्रिपर बंद पडले, काय करावं?"

आठ-दहा मिनिटांचं एक मूळ रेकॉर्डिंग. त्यात पाच भाग, प्रत्येक भाग एका प्रश्नानं सुरू होतो. एक: पांढरा थर आहे की हिरवट-तपकिरी चिकट घाण? पांढरा म्हणजे क्षार, त्याला ॲसिड. चिकट म्हणजे शेवाळ-जिवाणू, त्याला क्लोरीन. दोन: ॲसिड किती? बादलीत मोजून दहा लिटर आपल्याच विहिरीचं पाणी, त्यात थोडं थोडं ॲसिड, पीएच ४ येईपर्यंत, आणि किती मिली लागलं ते लिहायचं. समजा १० मिली लागलं, म्हणजे लिटरला १ मिली. यंत्रणेतून तासाला ६,००० लिटर जातं आणि पंधरा मिनिटं सोडायचं, तर १,५०० लिटर पाणी, म्हणजे दीड लिटर ॲसिड. तीन: व्हेंचुरीतून (खत-ॲसिड पाण्यात ओढून घेणारी जोडणी) सोडायचं कसं, आणि शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा पीएच का तपासायचा. चार: २४ तास बंद ठेवून मग आधी सबमेनचा (नळ्यांना पाणी देणारा उपमुख्य पाइप) फ्लश व्हॉल्व्ह, नंतर नळ्यांच्या एंड कॅप उघडून धुणं. पाच: काय करू नये.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला टाळी वाजवा आणि तीन सेकंद गप्प राहा. लॅपटॉपवर आवाजाच्या पट्टीत टाळीचा उंच खांब दिसतो, कापायची जागा शोधावी लागत नाही. चुकलं तर सगळं परत नको, दोन टाळ्या आणि तेच वाक्य पुन्हा. दोन टाळ्या दिसल्या की त्याआधीचं वाक्य काढायचं. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग वीस मिनिटांत साफ होतं.

मग पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर, पाच तुकडे शॉर्ट्स आणि रील म्हणून, मजकूर लेख म्हणून, बादलीचा हिशेब एका चित्रावर. एका विषयावर महिनाभर पुरेल इतकं होतं.

गिरणामाई
या तुकड्यांबद्दल एक गंभीर गोष्ट. पाचवा भाग "काय करू नये" वेगळा कापला की पहिले चार भाग इशाऱ्याविना फिरतात. ॲसिड आणि क्लोरीन एकाच वेळी किंवा लागोपाठ सोडलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, उसळून अंगावर येतं. पहिल्या तुकड्यात तुम्ही "पांढऱ्याला ॲसिड, चिकटाला क्लोरीन" म्हणता. दोन्ही प्रकारची घाण दिसली की माणूस दोन्ही एकदम टाकणार.
म्हणून नियम ठेवा: ज्या तुकड्यात कृती आहे त्यातच तिचा धोका सांगायचा, त्याच वाक्यात. तुकडा करताना वेगळा काढताच येणार नाही अशा रीतीनं. औषध, फवारणी, गोळ्या, वीज, सगळ्याला हेच लागू.

कांदेबाग
बरोबर आहे ताई. पाचवा भाग मोडून प्रत्येक इशारा त्या त्या कृतीत घालायला हवा.

दंतवैद्य_धुळे
डॉक्टरांसाठीही हे अगदी मोलाचं. "दातदुखीवर ही गोळी" एवढाच तुकडा राहतो आणि "ॲसिडिटी, दमा, गरोदरपण असेल तर नको" कापलं जातं. त्यामुळे आपण गोळीचं नाव घ्यायचंच नाही, लक्षणं आणि दवाखान्यात कधी यायचं तेवढं सांगायचं.
रुग्णाचा चेहरा, एक्स-रेवरचं नाव, केसपेपर हे चित्रात येऊ देऊ नका. लेखी संमती मराठीत घ्या, कुठे आणि कशासाठी वापरणार ते लिहून. तोंडी "चालेल" पुरेसं नाही. खात्रीनं बरं करू, शंभर टक्के, वेदनारहित, असे शब्द वर्ज्य. १९५४ चा जादूटोणा उपचार जाहिरातींचा कायदा तर आहेच, शिवाय डॉक्टरांच्या प्रत्येक परिषदेची आचारसंहिता आहे.

वकील_नंदुरबार
वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे काम मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीनं संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. कायद्याची सर्वसाधारण माहिती देणं वेगळं. सातबारावर वारसनोंद कशी होते, फेरफार म्हणजे काय, हे समजावून सांगा. "संपर्क करा, केस जिंकून देऊ" आलं की गाडी घसरली. चालू खटल्यावर बोलू नये.

वहीखातं
आम्हा सीएंना जाहिरातीबाबत सनदी लेखापाल अधिनियम १९४९, पहिल्या अनुसूचीच्या भाग १ मधली कलमं ६ आणि ७ लागू. आमच्या सीए संस्थेची चालू मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच पुढे जावं. आणि शेअर बाजाराबद्दल: सेबीच्या २९ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात फक्त शिक्षण देणाऱ्यानं मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून बोलू नये असं म्हटलं होतं. नोंदणी नसेल तर शेअरचं नाव घेऊन सल्ला नकोच.

खापरमांडे
भाषेचं कोणीच बोललं नाही! चोपड्यात अहिराणी, यावल-रावेरला लेवा बोली. शेतकरी फोनवर ज्या बोलीत विचारतो त्याच बोलीत सांगा ना. "पानी कितलं देवानं, कव्हय देवानं" असं सुरू झालं की माणूस थांबून ऐकतो.

पाटणादेवी
पण मग व्हॉइस टायपिंग चालणार नाही. ते प्रमाण मराठी धरूनच चालतं, "कितलं" चं भलतंच काही करतं. शोधणारा माणूसही टाइप करताना "केळीला पाणी किती" असंच लिहितो.

खापरमांडे
मग बोलणं अहिराणीत, शीर्षक आणि वर्णन प्रमाण मराठीत. शोधल्यावर सापडतं आणि ऐकल्यावर आपलं वाटतं. मोठ्या व्हिडिओला प्रमाण भाषा ठेवा, छोटे तुकडे बोलीत. पडद्यावर बोलण्याची अक्षरं मात्र हातानं टाका, एका मिनिटाच्या तुकड्यात सव्वाशेच शब्द असतात.

शेवभाजी
रोज टाकण्याच्या मुद्द्यावर परत येतो. सगळे म्हणतात महिन्याला एकदा बसा. पण इन्स्टाग्रामवर सातत्य नसेल तर रील पुढे जात नाही, हे खरं आहे.

गिरणामाई
शेवभाजी भाऊ, ज्याला लाखो लोकांपर्यंत जायचंय त्याच्यासाठी खरं. ठिबकवाला भाऊंना चोपडा-यावल पट्ट्यातले बागायतदार हवेत. इंदूरचा माणूस रील बघून गेला तर त्यांना काय? त्यांचं गिऱ्हाईक ड्रिपर बंद पडल्यावर शोधतं, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचं उत्तरही चालतं. रीलचं आयुष्य त्यामानानं फार थोडं.

शेवभाजी
दागिने, कपडे, हॉटेल यांना मात्र रोजचं लागतंच. तिथं माल बदलतो. जळगावच्या सराफाला रोजचा सोन्याचा भाव टाकायलाच हवा. सल्ल्याच्या व्यवसायाला नको, हे मान्य करतो.

गिरणामाई
आता एआयचं. मूळ रेकॉर्डिंगचा मजकूर त्याला द्यायचा आणि सांगायचं: "यातल्या माहितीबाहेर काही घालू नको. पाच शीर्षकं, दोनशे शब्दांचा सारांश आणि वेळेसह विभाग दे." हे काम तो झटकन करतो. यूट्यूबवर विभाग दिसायला पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन विभाग आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचा.
स्वतःहून माहिती मात्र त्याला लिहायला सांगू नये. फवारणी-खतांत तो एकक बदलतो आणि वाक्य इतकं सफाईदार असतं की नजरेतून सुटतं. "१५ लिटरच्या पंपाला ३० मिली" याचं "लिटरला ३० मिली" झालं तर मात्रा पंधरापट. म्हणून त्याचा मजकूर आला की आधी फक्त आकडे बघायचे: प्रत्येक आकडा, त्याचं एकक, आणि कशाला किती. मूळ मजकुराशेजारी ठेवून. बोलतानाच दोन्ही मापं सांगा: लिटरला २ मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. कीटकनाशकाचं नाव त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असेल तरच घ्यायचं.
ग्राहकाचा पॅन, आधार, रुग्णाचं नाव, सातबाराचा फोटो त्यात टाकू नका.

लळींग
एक राहिलं. थंबनेल (व्हिडिओचं दर्शनी चित्र) १२८० × ७२० पिक्सेल, त्यावर चारच शब्द. उजव्या खालच्या कोपऱ्यात यूट्यूब व्हिडिओची लांबी छापतं, तिथं शब्द ठेवला तर झाकला जातो. रीलमध्ये खाली मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून अक्षरं मधल्या भागात. शॉर्ट्स १५ ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत चालतात, रीलही जानेवारी २०२५ पासून तीन मिनिटांची झाली. पण ठिबकच्या एका प्रश्नाला एक मिनिट पुरे. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं असेल तर सिनेमातली गाणी मिळत नाहीत, आणि उत्तर देताना मागे गाणं हवंच कशाला?

सातपुडा_पायथा
मूळ प्रश्न दोन तासांचा होता. हिशेब कोणी मांडणार का?

पाटणादेवी
आठवड्याचा नको, महिन्याचा मांडू. हाती आठ तास. पहिल्या आठवड्याचे दोन तास: वहीतले दोन प्रश्न निवडणं आणि मुद्दे लिहिणं अर्धा तास, मांडामांड आणि चाचणी वीस मिनिटं, दोन मूळ रेकॉर्डिंग पाऊण तास, उरलेल्या वेळात फाइल लॅपटॉपवर आणि दुसरी प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर. पूर्ण वाक्यं लिहून वाचू नका, डोळे फिरताना दिसतात. मुद्दे मोठ्या अक्षरांत फोनच्या लेन्सलगत चिकटवा. दुसरा आठवडा: दोन्ही साफ करून यूट्यूबवर, वर्णन आणि विभागांसह. तिसरा: तुकडे कापणं आणि अक्षरं, हे सर्वांत वेळखाऊ. पुरे दोन तास धरा, जमले नाहीत तर दहाऐवजी सहाच तुकडे काढा. चौथा: दोन लेख, हिशेबाची चित्रं, सगळ्याला तारखा लावणं. आणि टिप्पण्यांना उत्तरं.

कांदेबाग
टिप्पण्यांना दर आठवड्याला दहा मिनिटं तरी हवीत ताई, महिन्याच्या शेवटी नकोत. "माझ्या पाण्याचा पीएच ८ आहे, चालेल का" याला तीन आठवड्यांनी उत्तर देऊन उपयोग नाही. त्यातलाच पुढचा प्रश्न वहीत जातो.

ठिबकवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला विषय क्षारांचाच घेतो. दुसऱ्या तुकड्याचे मुद्दे असे लिहिलेत, बघून सांगा:
"आपल्या ठिबकला ॲसिड किती लागेल? आपल्याच विहिरीचं दहा लिटर पाणी प्लास्टिकच्या बादलीत घ्या. हातमोजे आणि चष्मा घाला. ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही. एका वेळी दोन मिली, लाकडी काठीनं ढवळा, पीएच बघा. चारवर आलं की थांबा. किती मिली लागलं त्याला दहानं भागा, हा झाला लिटरचा हिशेब. ॲसिड सोडण्याच्या काळात क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर कशातच मिसळायची नाही." साधारण साठ शब्द, अर्धा मिनिट. पुढचा हिशेब चित्रावर.

गिरणामाई
चांगलं झालंय. दोन गोष्टी घाला. खत सोडायच्या टाकीत आधीचं कॅल्शियम नायट्रेट किंवा दुसरं खत उरलेलं नको, टाकी धुऊन घ्यायची. आणि पीएच कशानं बघायचा ते सांगा, कागदाची पट्टी की मीटर. मीटर असेल तर पीएच ४ आणि ७ च्या बफर द्रावणानं तपासून घेतलेला.

लळींग
बादली पांढरी घ्या, पट्टीचा रंग कॅमेऱ्यात कळेल. पट्टी डब्यावरच्या रंगतक्त्याशेजारी धरून तीन सेकंद हलवू नका, फोकस तिथं बोटानं लॉक करा. सकाळच्या उजेडात. बल्बच्या पिवळ्या उजेडात चार आणि पाचचा रंग सारखाच दिसतो.

ठिबकवाला
टाकी धुण्याचं पहिल्या वाक्यानंतर घालतो, आणि मीटर आहे पण पट्टीच दाखवतो, शेतकऱ्याकडे तीच असते. रविवारी सकाळी सात वाजता घेतो. खापरमांडे भाऊ, अहिराणीतलं सुरुवातीचं वाक्य तुम्ही सांगा.

खापरमांडे
"भाऊ, ठिबकनी नळीम्हा धवया थर दिखस का?" मग लगेच थर लागलेली उघडी नळी कॅमेऱ्यासमोर.